परभणीचा गल्ला आणि रक्तातील साखर

परभणी जिल्ह्याचा इतिहास लिहू पाहणारा मनुष्य सामान्यतः प्रभावती देवीच्या नावाने ओळखल्या गेलेल्या प्रभावतीनगरीपासून आरंभ करतो, चारठाण्याची प्राचीन मंदिरे, जिंतूरजवळील नेमगिरीची जैन स्थाने आणि जनाबाईचे गंगाखेड यांचा यथायोग्य परामर्श घेतो, आसफजाही अंमलातील अव्वल तालुकदार, तहसीलदार, देशमुख, देशपांडे व पटवारी यांची उतरंड वर्णितो, आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानी राजवटीचा शेवट झाला येथे येऊन बहुधा विसावतो. या इतिहासात देवळे असतात, स्वाऱ्या असतात, जमाबंदी असते. परंतु ज्या धान्यावर ती जमाबंदी बसली त्याचा उरलासुरला हिस्सा पिकविणाऱ्याच्या घरी गेल्यावर त्याने त्या घरातील माणसांचा देह कसा घडविला, ही गोष्ट त्यात येत नाही. दफ्तराला ती लागत नव्हती. आज मात्र ती शोधून काढण्याची निकड उत्पन्न झाली आहे, कारण सेलू असो, पूर्णा असो वा पाथरी, रक्ततपासणीच्या खोलीतून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या कानी ‘साखर जरा बॉर्डरवर आहे’ हे वाक्य हल्ली वारंवार पडते, आणि ते ऐकणारा मनुष्य पुष्कळदा स्थूल, सुखवस्तू, गादीवर बसणारा असा नसून सडपातळ बांध्याचा, दोन-चार एकरांचा कास्तकार वा शाळेचा शिपाई असतो.

हे त्याला अन्यायाचे वाटते, आणि त्याच्या वाटण्याला परंपरेचा आधार आहे. मधुमेह हा राजरोग, हा आपल्याकडील पुरातन समज. चरकाने प्रमेहाची जी कारणे सांगितली त्यांत बसून राहण्याचे सुख, झोपेचे सुख, दही-दूध, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ यांची गणना आहे. रोग पूर्णपणे प्रकट होण्यापूर्वीची जी लक्षणे, त्यांनाही त्याने स्वतंत्र स्थान दिले आहे, म्हणजे रोगाच्या अलीकडे एक उंबरठा असतो ही कल्पना या भूमीत नवी नाही. सुश्रुताची चिकित्सा तर मोठी रोचक आहे. निर्धन रुग्णाने अनवाणी, छत्रीविना, भिक्षेवर निर्वाह करीत शंभर योजने चालावे, धनिकाने मुनिवृत्तीने राहून सावा-देवभातासारखी तृणधान्ये खावीत, अन्य कोणी विहीर खणावी, असा त्याचा सल्ला आहे. निजामाच्या मुलखात ज्या युनानी हकिमांना राज्याश्रय होता, तेही या व्याधीस जियाबेतस या नावाने ओळखत होते. परंतु या सर्व ग्रंथांचा रुग्ण मुख्यतः एकच होता: ज्याला पोटभर मिळते आणि श्रम करावे लागत नाहीत असा. परभणीच्या सामान्य रयतेचा या व्याख्येशी संबंध शतकानुशतके आला नाही.

त्या रयतेचे अन्न ज्वारी. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यातील काळी कसदार जमीन पावसाचे पाणी पोटात धरून ठेवते आणि थंडीतील दवावर रब्बीची ज्वारी उभी राहते. वरून मनुष्याला धान्य, खालून जनावराला कडबा, असे दुहेरी उत्पन्न देणारे हे पीक या प्रदेशाच्या अर्थव्यवस्थेचा कणा होते. गहू होता, पण तो सणाचा. पुरणाची पोळी होळीला, पोळ्याला किंवा जावई आला तर. एरवी सकाळ-संध्याकाळ भाकरी, सोबत तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, ठेचा, जवस वा कारळ्याची चटणी, करडईचे तेल, आणि हातातोंडाशी गाठ पडण्याच्या दिवसांत कण्या किंवा आंबील. तांदूळ दुर्मीळ. पाहुणा आला तर त्याच्या हातावर गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी. गोडाची रोजची मात्रा ती एवढीच. साखर हा पदार्थ खेड्यातील घरात औषधापुरता वा लग्नापुरता शिरे.

या अन्नाइतकेच महत्त्व ते पोटात जाईपर्यंतच्या कष्टांना होते. खळ्यावर मध्ये तिवडा रोवून बैलांची पात फिरे, नंतर उंच उभे राहून वाऱ्यावर उपणणी होई, मग धान्य पायलीने मोजून बलुतेदारांचा वाटा काढला जाई, सालगड्याचे धान्य त्याच्या घरी पोचते होई, आणि उरलेले माळवदाच्या घरातील बळदात अथवा गावाच्या पांढरीत खणलेल्या पेवात उतरविले जाई. तेथून ते दररोज पहाटे जात्यावर येई. घरात आठ-दहा खाणारी तोंडे असली म्हणजे पहाटेचा चांगला प्रहरभर जाते ओढावे लागे, दोघी समोरासमोर बसल्या तरी खांदे भरून येत. मग विहिरीचे पाणी, मग सरपण, मग निंदणी-खुरपणी. जात्यावरच्या ओव्यांचे आपण संग्रह केले, त्यांतील काव्यावर प्रबंध लिहिले, पण त्या ओव्या म्हणणारीच्या दंडाला व पाठीला रोज किती काम पडत होते, याकडे मात्र साहित्याने फारसे पाहिले नाही. डिझेलच्या इंजिनावर चालणारी पिठाची गिरणी गावात आली तेव्हा बायकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तो टाकण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. जुन्या कष्टांचे गोडवे गाणारे बहुधा ते स्वतः न केलेलेच असतात.

तर असे हे अन्न आणि असे हे श्रम. पण या चित्रात एक गोष्ट राहून गेली, आणि माझ्या मते तीच मुख्य होय. हे अन्नही सातत्याने मिळत नव्हते. दुर्गादेवीच्या दुष्काळाची दंतकथा बाजूला ठेवली तरी १६३० ते १६३२ चा दख्खनचा दुष्काळ, १८७६ ते १८७८ चा, १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा, असे एकामागून एक तडाखे या मुलखाने सोसले. यांतील शेवटच्या दुष्काळानंतर १९०१ ची खानेसुमारी झाली, तेव्हा परभणी जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीच्या मानाने वाढण्याऐवजी घटलेली आढळली. मोठे दुष्काळ इतिहासात नोंदले जातात; परंतु आषाढ-श्रावणात बळद रिकामे होऊन नवे धान्य येईपर्यंतची जी दर वर्षीची ओढाताण, तिची नोंद कोण करणार? त्या महिन्यांत गर्भार बाईच्या ताटात भाकरी सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी पडे, आणि तिच्या खुरपण्याच्या कामात मात्र खंड पडत नसे.

या उपासमारीचा आणि साखरेच्या व्याधीचा काही संबंध असू शकेल, ही कल्पना प्रथमदर्शनी विपरीत वाटते. अमेरिकेतील जेम्स नील या आनुवंशशास्त्रज्ञाने १९६२ साली असा तर्क मांडला की, दुष्काळात तगून राहण्यास उपयुक्त असे काटकसरी गुणधर्म वंशपरंपरेने टिकले असावेत आणि सुबत्तेच्या काळात तेच अंगावर उलटत असावेत. पुढे १९९२ मध्ये हेल्स आणि बार्कर या इंग्रज संशोधकांनी या तर्काची दिशा बदलली: वंशापेक्षा गर्भाशयाकडे पाहा, असे त्यांचे म्हणणे. आईला अन्न अपुरे असेल तर गर्भ मेंदूसारख्या अवयवांचे पोषण आधी साधतो, स्वादुपिंड आणि स्नायू यांच्या वाट्याला कमी येते, आणि तो देह जन्मभर टंचाईच्या हिशेबाने चालत राहतो. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझी नाकेबंदीमुळे हॉलंडमध्ये जी उपासमार झाली, त्या काळात गर्भात असलेल्या व्यक्तींची पन्नाशीच्या सुमारास तपासणी केली असता ग्लुकोज पचविण्याची त्यांची शक्ती इतरांच्या मानाने मंद आढळली. चीनमधील १९५९ ते १९६१ च्या महादुष्काळात गर्भावस्था काढलेल्यांच्या बाबतीतही, विशेषतः जे पुढे सुबत्तेत राहिले त्यांच्यात, हाच अनुभव आला.

महाराष्ट्रापुरते सांगायचे तर या प्रश्नाचा सर्वांत चिकाटीचा शोध पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी घेतला. १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांत त्यांनी स्त्रियांची गर्भधारणेपूर्वीपासून नोंद ठेवली, त्यांची मुले जन्मताच मोजली आणि ती मोठी होत गेली तसतशी पुन्हा पुन्हा तपासली. तेथील नवजात बालकाचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकाचे सुमारे ३.५ किलो, पण नवलाची गोष्ट ही की, इतक्या हडकुळ्या मुलांच्या अंगी स्नायू फार कमी असले तरी त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतः याज्ञिक आणि लंडनचे जॉन यडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, ज्यास बीएमआय म्हणतात, तो दोघांचा अगदी समान, २२.३, परंतु यडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. शेकडो कोष्टकांनी जे पटले नसते ते या एका छायाचित्राने पटविले. सडपातळ दिसणे आणि सडपातळ असणे या दोन गोष्टी आपल्याकडे भिन्न आहेत, आणि सेलूच्या त्या शिपायाला जो अन्याय वाटतो त्याचे मूळ येथे आहे.

आता ती बॉर्डर म्हणजे नेमके काय, हे पाहू. रात्रभर उपाशी राहून सकाळी घेतलेल्या रक्तात साखरेचे प्रमाण दर डेसिलिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत असावे. १२६ किंवा त्याहून अधिक असेल तर मधुमेह. आणि १०० ते १२५ हा मधला पट्टा मधुमेहपूर्व अवस्थेचा. जागतिक आरोग्य संघटना हा पट्टा ११० पासून मोजते, अमेरिकन मधुमेह संघटनेने २००३ मध्ये तो १०० पर्यंत खाली आणला. म्हणजे ही बॉर्डर शिवारातल्या बांधासारखी निसर्गाने घातलेली नसून विद्वानांच्या सभेत ठरलेली आहे, हे ध्यानात असलेले बरे. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायल्यावर दोन तासांनी १४० ते १९९, किंवा मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सी या तपासणीत ५.७ ते ६.४ टक्के, या त्याच अवस्थेच्या अन्य खुणा. या काळात मनुष्याला बहुधा काहीच होत नाही. तहान वाढत नाही, वजन उतरत नाही, रात्री उठावे लागत नाही. म्हणूनच ती चोरपावलांची.

शरीराच्या आत काय चालते, ते समजून घेण्यास आपले पेव उपयोगी पडेल. जेवणानंतर रक्तात आलेली साखर मुख्यतः स्नायूंत आणि यकृतात साठवावयाची असते आणि तिला आत घेण्याचे द्वार इन्सुलिन उघडते. स्नायू थोडे असतील तर पेव मूळचेच लहान; ते श्रमाने रोज रिकामे होत नसेल तर कायम काठोकाठ; त्यात पोटातील अवयवांभोवती आणि यकृतात चरबी साचली की द्वार गंजते, आणि मग धान्याची गाडी अंगणात उभी राहावी तशी साखर रक्तात ताटकळते. स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन सोडून काही वर्षे ही ओढाताण निभावून नेते; रक्ताची तपासणी त्या काळात चांगली येते, तपासणाऱ्याचे व तपासून घेणाऱ्याचे समाधान होते. पुढे स्वादुपिंडातील पेशी थकू लागतात आणि तेव्हा कोठे आकडा बॉर्डरवर दिसतो. म्हणजे ज्याला आपण आरंभ समजतो तो पुष्कळ दिवस चाललेल्या प्रकरणाचा मध्य असतो.

टंचाईने घडलेल्या या देहांच्या दारात अन्न नियमितपणे कसे येऊ लागले, हा या कथेचा दुसरा अध्याय, आणि त्याचा प्रारंभ विचित्र आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हैदराबाद सरकारने शेतकऱ्यांवर धान्याची लेव्ही बसविली; पिकाचा ठराविक हिस्सा ठराविक भावाने सरकारी गोदामात घालावयाचा, मग घरात उरो वा न उरो. त्या वसुलीतील जुलुमाने गावोगाव असा असंतोष माजला की मुक्तिसंग्रामात करोडगिरीची नाकी उद्ध्वस्त करणे आणि शिंदीची झाडे तोडणे यांच्या जोडीने लेव्हीला विरोध हेही एक प्रमुख अंग बनले. सरकारने गल्ला उचलणे हा जो रयतेचा अनुभव, तो स्वातंत्र्यानंतर उलटा फिरला आणि सरकार गल्ला देऊ लागले. कंट्रोलचे दुकान आले, रेशनकार्ड आले, आणि १९५४ नंतरच्या अमेरिकी करारान्वये जहाजांनी आलेला गहू, तोवर केवळ सणाला दिसणारा, सामान्य घरात शिरला. त्याच दुकानातून साखरही आली.

१९७२ साली दोन घटना घडल्या. त्या वर्षी १८ मे रोजी, विद्यार्थ्यांच्या तीव्र आंदोलनानंतर, परभणीस मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आणि त्याच वर्षी पावसाने पाठ फिरविली. त्या दुष्काळाची हकिकत मराठवाड्यातील साठीच्या पुढचा कोणीही मनुष्य सांगेल. कोरडी पडलेली विहीर, विकलेली वा सोडून दिलेली जनावरे, खडी फोडण्याचे, पाझर तलावाचे आणि नालाबांधाचे काम, मुकादमाच्या हजेरीपटावर अंगठा, मजुरीबरोबर मिळणारी सुकडी, आणि परदेशातून आलेली ‘मिलो’ नावाची लाल ज्वारी, जिची भाकरी थापता थापता तडकत असे व जी जनावरेही आवडीने खात नसत असे लोक म्हणत. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर सुमारे पन्नास लाख माणसे या कामांवर होती. एकोणिसाव्या शतकातील दुष्काळांत माणसे मेली; या दुष्काळात, रोजगार आणि धान्य या दोहोंच्या बळावर, ती मोठ्या प्रमाणावर वाचली, आणि याच कामांतून पुढे रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. महाराष्ट्राच्या प्रशासनाने ज्या गोष्टींचा रास्त अभिमान बाळगावा अशा थोड्या गोष्टींपैकी ही एक. पण जीव वाचणे आणि पोषण होणे यांत अंतर असते. त्या उन्हाळ्यात खडी फोडणाऱ्या हजारो स्त्रियांत गर्भवती होत्या, आणि त्यांची ती अपत्ये आज पन्नाशी ओलांडून, मधुमेहाचा धोका सर्वाधिक वाढतो त्या वयात येऊन पोचली आहेत.

यानंतर पाणी आले. पूर्णेवर जिंतूर तालुक्यातील येलदरी आणि तिच्या खाली सिद्धेश्वर ही धरणे १९६० च्या दशकातच आकारास आली होती. गोदावरीवरील जायकवाडीची कोनशिला १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते बसली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी ते धरण राष्ट्रास अर्पण केले. त्याच्या पैठण येथून निघणाऱ्या डाव्या कालव्याने २०८ किलोमीटरांची वाट चालून परभणीच्या शिवारात पाणी आणले. ज्या रानात कोरडवाहू ज्वारी हलत होती तेथे ऊस उभा राहिला. तेव्हा परभणी जिल्ह्यातच असलेल्या वसमत येथे पूर्णा सहकारी साखर कारखाना झाला, नंतर गंगाखेडकडेही साखरेची धुराडी दिसू लागली. हातात नगदी पैसा आला आणि गूळ-पाण्याची जागा चहाने घेतली, एस.टी. स्टँडवरील हॉटेलातला तो कप, ज्यात चहापेक्षा दूध आणि दुधापेक्षा साखर अधिक, दिवसातून चार-पाच वेळा घेणे हे माणुसकीचे लक्षण ठरले. जो पाजत नाही तो कद्रू, जो नको म्हणतो तो गर्विष्ठ. पाहुणचाराच्या या नव्या शिष्टाचाराने जिल्ह्याच्या आरोग्यावर जो परिणाम केला तो कोणत्याही मिठाईच्या दुकानाने केला नसेल.

साखरेच्या बाबतीत इंग्लंडचा एक अनुभव मुद्दाम नमूद करण्याजोगा आहे. महायुद्धामुळे तेथे साखरेवर जे रेशनिंग होते ते सप्टेंबर १९५३ मध्ये उठले आणि लोकांचे साखर खाणे थोड्याच काळात दुपटीच्या घरात गेले. रेशनिंग असताना ज्यांची गर्भावस्था व पहिली दोन वर्षे गेली आणि ज्यांची ती उठल्यावर गेली, अशा व्यक्तींची पुढील आयुष्यभराची तुलना २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या गटात दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी होता. तेथे रेशनने गोड आटोक्यात ठेवले होते. आपल्याकडे त्याच रेशनने खेड्याला साखरेची ओळख करून दिली.

ज्वारीची पीछेहाट मात्र केवळ उसाने झाली नाही. संकरित ज्वारी पावसात भिजून काळी पडू लागली, तिच्या भाकरीला चव नाही म्हणून भाव नाही, कापूस व नंतर सोयाबीन यांनी खरीप व्यापला, ज्वारी काढावयास मजूर मिळेना, आणि दुकानात गहू-तांदूळ जवळजवळ फुकट मिळू लागले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो धान्य, गहू दोन व तांदूळ तीन रुपये किलो, हा हक्क झाला आणि जानेवारी २०२३ पासून ते धान्य मोफत झाले. जो तांदूळ आजोबांनी वर्षातून चार वेळा खाल्ला तो नातू रोज रात्री खातो. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ज्वारी हे औषध नव्हे. तीही पिष्टमयच, आणि तीन मोठ्या भाकऱ्या खाऊन पारावर बसणाऱ्याची साखर वाढल्याशिवाय राहत नाही. ‘आम्ही भाकरीच खातो, आम्हाला शुगर कशी होईल’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. फरक आहे तो इतका की, कोंड्यासकट खाल्लेले भरड धान्य, सोबत डाळ आणि पाला, ही जी जुन्या ताटाची घडण, तीत साखर रक्तात सावकाश उतरते आणि पोट लवकर भरते. नुसता पांढरा भात आणि पातळ आमटी यांत ते साधत नाही. परभणीच्या विद्यापीठाने, जे आता वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते, ‘परभणी मोती’सारखे रब्बी ज्वारीचे उत्तम वाण दिले आणि २०१८ मध्ये लोह व जस्त अधिक असलेले ‘परभणी शक्ती’ हे वाणही पुढे आणले. वाण आहेत, ते पेरणाऱ्याला परवडावेत अशी बाजारव्यवस्था मात्र विद्यापीठाच्या हातची नाही.

देशाचा एकंदर हिशेब भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीच्या आधारे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. मधुमेही सुमारे १० कोटी, आणि मधुमेहपूर्व अवस्थेतील त्याहूनही अधिक, सुमारे साडेतेरा कोटी. यांतील सर्वांना मधुमेह जडेलच असे नाही, परंतु आपल्या लोकांत हा प्रवास वेगाने होतो. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी अशा ५३१ व्यक्तींवर केलेला प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीपेक्षा वेगळे काही सांगितले नव्हते त्यांतील ५५ टक्के लोक तीन वर्षांत मधुमेही झाले. ज्यांच्या आहारात बदल केला आणि ज्यांना रोज अर्धा तास झपाट्याने चालावयास लावले, त्यांच्यात हा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. मेटफॉर्मिन या गोळीनेही साधारण तेवढाच, आणि दोन्ही एकत्र केल्याने विशेष अधिक लाभ दिसला नाही. अमेरिकेतील २००२ च्या अशाच प्रयोगात राहणी बदलण्याचा लाभ ५८ टक्के होता. तेथील लोक स्थूल होते आणि त्यांनी वजन उतरविले. आमच्यापैकी अनेकांना उतरविण्यासारखे वजन नसते, स्नायू कमवावे लागतात. म्हणून केवळ गोड वर्ज्य करून भागत नाही, अंगमेहनत लागते, ताटात डाळ, हरभरा, अंडे यांचा वाटा वाढवावा लागतो. सुश्रुताच्या विहिरीची येथे आठवण होते, तथापि ज्यांच्या आईबापांनी पोटासाठी तलाव खणले त्यांना पुन्हा कुदळ घ्या असे सांगण्यास जीभ रेटत नाही. शेतातही आता ट्रॅक्टर आहे, घरापासून शेतापर्यंत मोटरसायकल आहे. मराठवाड्यातील मनुष्याने श्रमांपासून सुटका मिळविली ती मोठी किंमत देऊन, आणि चालणे हे त्याच्या दृष्टीने अजून दारिद्र्याचे चिन्ह आहे, आरोग्याचे नव्हे. पहाटे विद्यापीठाच्या रस्त्यावर फिरणारे बहुतेक नोकरदार असतात, यात आश्चर्य नाही.

२०१० मध्ये केंद्र सरकारने असंसर्गजन्य रोगांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, आणि तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची नोंद करण्याचे काम आता आशाताईंकडे आले आहे. त्यांच्या हातात एक फॉर्म आणि एक मोजपट्टी असते. वय किती, आईवडिलांपैकी कोणास साखर आहे का, आठवड्यातून किती व्यायाम, कमरेचा घेर किती. पुरुषास ९० सेंटिमीटर आणि स्त्रीस ८० ही मर्यादा. ओसरीवर बसलेल्या पन्नाशीच्या गृहस्थांभोवती पट्टी धरताना त्या स्वतः संकोचतात, ते त्याहून अधिक संकोचतात आणि म्हणतात, “ताई, मला काय झालंय? हिंडायलो, फिरायलो की!” हातपाय बारीक, सदऱ्याखाली पोट मात्र पुढे आलेले. व्यायामाच्या रकान्यात ‘शेती’ असे लिहून घेतले जाते. शेती म्हणजे दिवसभर औत हाकणे, की गाडीवरून जाऊन मजुरांवर देखरेख करणे, हे विचारण्यास फॉर्ममध्ये जागा नाही. बोटाच्या टोकातून घेतलेल्या थेंबात आकडा वाढलेला दिसला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात उपाशीपोटी पुन्हा यावयास सांगितले जाते. सोयाबीनची काढणी चालू असेल तर ते येणे दिवाळीनंतरवर जाते, आणि दिवाळीनंतर आकडा मोजण्यास आणखी एक कारण तयार झालेले असते.

याहून अधिक लक्ष देण्याजोगी तपासणी गर्भवतींची आहे. पहिल्या भेटीतच, उपाशी असो वा जेवलेली, पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजावे, दोन तासांनी रक्त पाहावे, १४० वा अधिक भरल्यास उपचार सुरू करावेत, आणि प्रथम निर्दोष आढळल्यास २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान तीच तपासणी पुन्हा करावी, असा राष्ट्रीय नियम आहे. त्या गोड पाण्याने रिकाम्या पोटी मळमळते, दोन तास बाकावर बसून राहावे लागते, सोबत आलेल्या सासूला घरी जनावरे सोडायची असतात. म्हणून ही तपासणी चुकविण्याकडे कल असतो. ती चुकवू नये. १९७३ च्या उन्हाळ्यात जी मुलगी आईच्या गर्भात होती तिची सून आज त्या बाकावर बसलेली असू शकते. गर्भारपणात जिची साखर वाढते तिला पुढे मधुमेह जडण्याचा धोका कितीतरी पटींनी अधिक, आणि तिच्या मुलालाही. तेव्हा बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी तिने पुन्हा रक्त तपासून घ्यावे आणि त्यानंतर दर वर्षी, मग वर्ष सुगीचे असो वा नसो.